बारावीच्या मुलांचा शेवटचा नाच: शाळेच्या लोकनृत्य पथकाचा निरोप कसा बसवावा

आमच्याकडे गोव्यात शाळेच्या लोकनृत्य पथकाचं वर्ष चतुर्थीला सुरू होतं. चतुर्थीनंतर गावोगावच्या फुगडी स्पर्धा, १९ डिसेंबरला मुक्तिदिन, मग गॅदरिंग, मध्येच एखादी तालुक्याची स्पर्धा. नाताळची सुट्टी संपली की बारावीची मुलं प्रॅक्टिकलच्या जर्नलांत बुडतात आणि पथकाचं वर्ष संपतं. सुट्टी आणि प्रॅक्टिकल यांच्या मध्ये एक संध्याकाळ काढायची असते, ती निरोपाची.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते. तिथे जाणाऱ्या मुलांना पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसवत. हातात गुलाब, कपाळाला टिळा, आणि अकरावीची मुलं त्यांच्यासाठी नाचणार. मी विंगेत उभी राहून बघत होते. दोन वर्षं पथकात नाचलेली एक मुलगी हात मांडीवर घेऊन अगदी शहाण्यासारखी बसली होती. पण साडीच्या काठाखाली तिचे पाय चालू होते. टाच, चवडा, टाच, चवडा. मंचावरची मुलं जिथे अर्धा ठोका मागे पडत, तिथे हिच्या पायाचा अंगठा जमिनीवर आपटे. तिला नाचू न देता आम्ही तिचा सत्कार करत होतो.

तेव्हापासून माझ्या पथकात निरोपाच्या दिवशी जाणारी मुलं खुर्चीवर बसत नाहीत. ती नाचतात, आणि नाचता नाचताच आपली जागा मागच्याच्या हाती देतात. हे कसं बसवायचं, ते पुढे क्रमाने लिहिते आहे. मी फोंडा तालुक्यात शिकवते, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. पेडण्यात किंवा काणकोणात तुमचे नाच थोडे वेगळे असतील, पण रीत चालेल.

तारीख आधी, नाच नंतर

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत येते. त्याआधी पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकं. म्हणून निरोप जानेवारीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या शनिवारी ठेवावा आणि ही तारीख नोव्हेंबरातच मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावी. "बघूया" म्हणून सोडलेली तारीख हमखास विज्ञान शाखेच्या प्रॅक्टिकलवर आदळते.

कॅलेंडरबरोबर पंचांगही उघडा. पौषात गावोगाव धालो, म्हणजे बायकांचे रात्रीचे गाण्या-नाचाचे विधी, असतात. मुलींच्या आया, आज्या, काकी रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या अंगणात, असतात आणि काही मुलीही त्यांच्याबरोबर जातात. पौष पौर्णिमेला म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा, माघात मंगेशीची. आपल्या गावची जत्रा ज्या दिवशी, त्या दिवशी शाळेत कोणी येणार नाही, आणि येऊही नये. मी एकदा ही चूक केली. सभागृहात पालकांच्या जागी रिकाम्या खुर्च्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुलं माझ्यासाठी जत्रेतलं गोड खाजें घेऊन आली, तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं.

वेळ संध्याकाळी चार ते सहा. अंधार पडायच्या आत लहान मुलं घरी पोचली पाहिजेत. आडगावाला जाणारी शेवटची कदंबा बस किती वाजता सुटते, ते कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी विचारा.

कोण जाणार, कोण राहणार

वहीचं एक पान घ्या. डावीकडे जाणाऱ्यांची नावं, उजवीकडे राहणाऱ्यांची. मग प्रत्येक जाणाऱ्यासमोर एक राहणारा लिहा. ही जोडी हेच कार्यक्रमाचं हाड.

जोडी लावताना मैत्री बघू नका, जागा बघा. रांगेत जो जिथे उभा राहतो, त्याची जागा पुढच्या वर्षी कोण घेणार, एवढाच प्रश्न. उंची जुळली तर बरं. आवाज जुळला तर फारच बरं, कारण फुगडीत गाणं ओढणारी मुलगी गेली की दुसऱ्या वर्षी पथकाचा सूरच पडतो. अशा मुलीची जोडी सगळ्यांत आधी ठरवावी.

आकडे कधी जुळत नाहीत. पाच जाणार आणि अकरा राहणार, किंवा नऊ जाणार आणि चार राहणार. पाच-अकरा असेल तर सोपं: पाच जोड्या, उरलेले सहा जण दोन्ही भागांत नाचतील. नऊ-चार असेल तर दहावीतून पाच मुलं आत्ताच पथकात घ्या. तुमच्या शाळेला हायस्कूल जोडलेलं नसेल, तर अकरावीतली जी मुलं वर्षभर नुसती दारात उभी राहून सराव बघत होती, त्यांना बोलवा. अशी दोन-तीन मुलं प्रत्येक शाळेत असतात आणि त्यांना अर्धा नाच आधीच येत असतो.

आणखी एक गोष्ट याच पानावर करा. वर्षभरात कोण मागच्या रांगेत होतं, त्या नावाभोवती गोल करा. आमच्याकडे एक मुलगी होती. उभं राहायची वेळ आली की म्हणायची, "टीचर, हांव फाटल्यान रावतां" (मी मागे उभी राहते). पाऊल स्वच्छ, ताल पक्का, पण पुढे यायची नाही. स्पर्धेत मीही तिला मागेच ठेवलं, कारण तिथे चेहरा बघतात. निरोपाच्या नाचात अशा मुलांना एकेका कडव्याला पुढे आणायची रचना करा. रांग स्थिर ठेवू नका. प्रत्येक चार ओळींनी मागची रांग मधून पुढे येऊ दे. तिला आधी सांगून घाबरवू नका. रचनाच तशी बसवा, म्हणजे पाय तिला आपोआप पुढे घेऊन येतील. ती आली. तिच्या आईला मुलगी इतकी पुढे उभी असलेली ओळखूच आली नाही, ती मागच्या रांगेत शोधत राहिली.

कोणते नाच घ्यायचे

एकूण पंचवीस ते तीस मिनिटं. त्यात नाच तीनच. चौथा घेतलात तर तिन्ही कच्चे राहतील.

पहिला नाच फुगडी, सगळ्या पथकाने मिळून. फुगडीला वाद्य लागत नाही, मुलं स्वतःच गातात, आणि शेवटच्या वेगात "फू" चा श्वास एकत्र सुटला की भीती निघून जाते. दुसरा नाच वर्षभरात ज्याने पथकाला नाव मिळवून दिलं तो, मग तो डोक्यावर पेटती समई घेऊन करायचा दिवली नाच असो, तालगडी असो की देखणी. यात नवीन काही घालू नका. शेवटचा गोफ.

धालोबद्दल एक सांगते. धालो सुंदर आहेत, समोरासमोरच्या दोन रांगा मंचावर छान दिसतात आणि म्हणून शाळा ते उचलतात. पण धालो हा मांडावरचा विधी आहे. त्यातला अंगात येण्याचा भाग, शेवटच्या रात्रीचे विधी हे मंचावर करू नयेत. त्यातली गाणी आणि पावलं घ्यायची असतील तर गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला शाळेत बोलवा आणि काय घ्यावं, काय घेऊ नये, ते तिलाच विचारा. मुलांनाही त्यातून कळतं की हे आपल्या आजीचं आहे.

रडवणारं संथ गाणं, पडद्यावर सरकणारे फोटो आणि त्याखाली नाच, हे सगळं टाळा. मी पहिल्या वर्षी केलं होतं. मुलं पहिल्या कडव्यातच रडायला लागली. रडणारं मूल नाचू शकत नाही, त्याला श्वासच पुरत नाही. डोळे भरून येतील तेव्हा येतील, ते आपण बसवायचं काम नाही.

गोफ: हाताची दोरी दुसऱ्याच्या हातात

शिमग्याच्या दिवसांत, शेतीची कामं सरल्यावर नाचला जाणारा हा नाच. काणकोण भागात तो विशेष. वरून टांगलेल्या रंगीत दोऱ्या, प्रत्येकाच्या हातात एक, आणि नाचता नाचता त्यांची वेणी विणली जाते. मग उलट्या पावलांनी ती उकलायची. निरोपासाठी याहून योग्य नाच मला सापडलेला नाही: जाणाऱ्या मुलांनी विणायचा आणि राहणाऱ्यांनी उकलायचा. मध्ये दोरी हातबदल करते.

दोऱ्या. नेहमी समसंख्येत, सहा किंवा आठ. आठ धरून सांगते. बाजारातली नायलॉनची दोरी घेऊ नका, ती हाताला भाजते आणि वेणीत घसरते. जुन्या सुती साडीची पट्टी फाडा, अंदाजे वीतभर रुंद. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे अठरा फूट, त्यामुळे मध्ये जोड लागत नाही. पिळली की आखडून पंधरा-सोळा फुटांची दोरी होते. आम्ही जाणाऱ्या मुलांना आपापल्या घरून आईची किंवा आजीची जुनी साडी आणायला सांगतो. दोन रंगसमूह करा: चार दोऱ्या उजळ, चार गडद. उजळवाले घड्याळाच्या दिशेने, गडदवाले उलट. चुकलं कोण, हे लांबूनही दिसतं.

टांगायचं कुठे. सगळ्यांत जास्त काळजी इथे घ्या. पंख्याच्या हुकाला टांगू नका. तो हूक सरळ खाली ओझं पेलण्यासाठी असतो, आठ मुलं आठ बाजूंनी ओढतात तेव्हा एकाच बाजूचा हिसका बसतो. नाट्यगृहात असाल तर दिव्यांच्या पाइपाला हात लावण्याआधी तिथल्या मंच कामगाराला विचारा आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नका. शाळेच्या सभागृहात छताची लोखंडी तुळई असेल तर तिच्यावरून जाड दोर टाकून खाली एक लोखंडी कडी बांधा. जमिनीपासून बारा फूट. वर्तुळाची त्रिज्या सहा फूट, खडूने आखून घ्या. मोठ्या माणसाने आधी आठही दोऱ्या एकत्र धरून जोरात ओढून बघायच्या, मगच मुलांना हात लावू द्यायचा.

विणणं. आठ जण वर्तुळात, दोघे दोघे समोरासमोर तोंड करून. उजळवाला पहिल्या गाठीला (म्हणजे समोरच्याशी पहिल्या भेटीला) बाहेरून जातो, गडदवाला आतून. पुढच्या माणसाला ओलांडताना उलट, उजळवाला आतून, गडदवाला बाहेरून. बाहेर, आत, बाहेर, आत. एका फेरीत प्रत्येकाची आठ वेळा गाठ पडते आणि आठव्या गाठीनंतर सगळे आपापल्या मूळ जागी परत येतात. तीन फेऱ्या म्हणजे चोवीस गाठी. आठ मात्रांत एक गाठ घेतली तर १९२ मात्रा, मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत दोन मिनिटांना थोडं कमी. बघणाऱ्याला पुरेसं आणि मुलांना झेपेल असं.

हा हिशेब मी मुद्दाम मांडते आहे. गोफ जिथे वाटेल तिथे थांबवला तर उकलणाऱ्याला कळत नाही सुरुवात कुठून करायची. नेहमी पूर्ण फेरीवरच थांबा. दोऱ्या समसंख्येत असल्यामुळे पहिली गाठ ज्याने बाहेरून घेतली, त्याची शेवटची गाठ आतून येते.

उकलणं. इथे शिक्षकही गोंधळतात. उकलताना आत-बाहेर उलट करायचं नसतं, फक्त दिशा उलट करायची असते. शेवटी ज्याला आतून ओलांडून आलात, त्यालाच परत आतूनच ओलांडून मागे जायचं. म्हणून उजळ दोरीवाल्यांची उकलण्याची पहिली गाठ आतून. हे वाक्य अकरावीच्या मुलांकडून रोज म्हणून घ्या. आमच्याकडे ते पाठांतरासारखं झालं आहे: "उजळ आत, गडद बाहेर, चला मागे."

हातबदल. आता मुख्य गोष्ट. चोविसावी गाठ झाली, घुमट (मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं तालवाद्य) चालू आहे, विणणारे आपापल्या जागी थांबले. दोरी ताणलेलीच. अकरावीचा जोडीदार बाहेरून आत येतो. त्याला उलट दिशेने जायचं आहे, म्हणून तो आपल्या मोठ्या जोडीदाराकडे तोंड करूनच उभा राहतो. हे आम्ही भावनेसाठी बसवलेलं नाही, नाचाची दिशाच तशी आहे. दोघं समोरासमोर येतात. धाकटा मोठ्याच्या हाताच्या वर, वेणीच्या बाजूला, दोरी धरतो आणि हळू म्हणतो, "घेतली." ते ऐकल्यावरच मोठ्याने सोडायचं आणि एक पाऊल मागे, वर्तुळाबाहेर सरकायचं. त्याची जागा मोकळी झाली की धाकट्याची वाट मोकळी होते.

"घेतली" ऐकू येण्याआधी सोडली तर दोरी सैल पडते आणि वेणी खालून सुटायला लागते. म्हणून हा एकच क्षण पंचवीस-तीस वेळा घोटून घ्या, नाच न करता, नुसतं उभं राहून. एकदा सरावात एक मुलगा दोरी सोडेचना. धाकटा दोनदा "घेतली" म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला, तरी ह्याची मूठ तशीच. कोणी हसलं नाही. घुमटवाल्या मुलाने आपण होऊन आणखी आठ मात्रा वाजवल्या आणि मग मूठ सुटली. त्या जास्तीच्या आठ मात्रा मी कार्यक्रमातही ठेवल्या आणि अजून ठेवते.

जाणारे पाच आणि दोऱ्या आठ असतील, तर तीन दोऱ्या अकरावीच्या पक्क्या मुलांकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहू द्या. ती हातबदलाच्या वेळी जागीच वळतात. उलट फायदाच होतो, कारण उकलताना तीन जण तरी सगळी वीण स्वतः जगलेले असतात.

गुंता झाला तर? होतो. खूण ठरवून ठेवा: घुमटावर तीन मोकळे ठोके. ऐकले की सगळ्यांनी जिथे असाल तिथे थांबून दोरी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची आणि गाणं संपेपर्यंत जागच्या जागी पाऊल चालू ठेवायचं. अर्धी उकललेली वेणी घेऊन उभं राहिलेलं वर्तुळ वाईट दिसत नाही. दोऱ्यांची ओढाताण वाईट दिसते.

वाद्यं

गोफाला तरी ट्रॅक लावू नका. त्या जास्तीच्या आठ मात्रा ट्रॅक देत नाही. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं छोटं चामडी वाद्य) आणि कांसाळें (झांज) एवढं पुरे. घुमट आरतीच्या पथकात वाजवणारा एखादा मुलगा तुमच्या शाळेत नक्की असेल. त्याला नाच येत नसेल, पण तोही पथकाचाच.

घुमट उसनं आणताना चामडं बघून घ्या. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड हा कायद्याने संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मुलांना हे सांगा, ती वाद्य जास्त जपून हाताळतात. मातीचं भांडं आहे, बाकावर ठेवलं की कोणाच्या तरी धक्क्याने पडतं. जमिनीवर चुंबळ करून ठेवा. जानेवारीत संध्याकाळी दंव पडतं आणि कातडं सैल होऊन आवाज बसतो. दुपारच्या उन्हात थोडा वेळ ठेवून मग आत न्या.

दुसऱ्या नाचाला ट्रॅक लागणार असेल तर तो दोन पेन ड्राइव्हवर आणि एका फोनवर ठेवा. फोन विमान मोडवर. आवाजाच्या यंत्रापाशी एक मूल बसवा, ज्याला नाच पाठ आहे.

सरावाला वेळ कुठून आणायचा

शाळा सुटल्यावर सराव हे कागदावर छान दिसतं. बालरथ, म्हणजे शाळेची बस, सुटला की अर्धी मुलं अडकतात आणि उरलेल्यांचे क्लास असतात. माझा सराव मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला, चाळीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, पाच आठवडे. मुख्याध्यापकांकडून तास मागून घ्यावा लागतो. मागावा. नाताळच्या सुट्टीत सराव ठेवू नका. ख्रिस्ती मुलांच्या घरी सण असतो आणि बाकीच्यांनाही विश्रांती हवी असते.

पहिल्या आठवड्यात जोड्या आणि फुगडी. दुसऱ्यात जुना नाच नव्या रांगेने. तिसऱ्यात गोफ विणणं, आणि त्याच आठवड्यात अकरावीच्या मुलांना वेगळं बसवून उकलणं. चौथ्यात दोन्ही जोडायचं. पाचव्यात फक्त दोनदा पूर्ण तालीम, एक साध्या कपड्यांत, एक नेसून. शेवटच्या दोन दिवशी काहीही शिकवायचं नाही.

शिकवणारा बदला, हे मला उशिरा सुचलं. तिसऱ्या आठवड्यापासून मी गप्प बसते. धाकट्याला जागा मोठा शिकवतो. मोठ्याची चूक धाकट्याकडे जाईल अशी भीती वाटते, आणि जातेही कधी कधी. तेवढी सुधारायची.

याच काळात पथकाची वही फिरवा. जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जागेबद्दल एक पान लिहायचं, दुसरं काही नाही. एका मुलीने लिहिलं होतं: "डाव्या बाजूची तिसरी फरशी उचललेली आहे, अनवाणी पायाला लागते. तिथे गिरकी घेऊ नको, अर्धं पाऊल आधी घे." दुसऱ्याने लिहिलं: "दुसऱ्या कडव्यात सगळे घाई करतात. तू करू नको. झांजेकडे बघ." अशी पानं कुठल्याच पुस्तकात नसतात.

कपडे आणि दिवे

नऊवारी असो की कुणबी पद्धतीचं लाल चौकडीचं लुगडं, गोफासाठी ते घोट्याच्या वर हवं. उलट पावलं घेताना काठ पायात येतो. केसांत आबोलीची फाती (गजरा) किंवा शेवंती, पण सुया घट्ट, कारण दोरी डोक्यावरून जाते. हातात काचेच्या बांगड्या गोफाच्या वेळी नकोत.

दिवली नाच करणार असाल तर खरी वात लावायची की नाही, हे मुलींच्या सरावावर ठरवा, हौसेवर नको. खरी वात लावायची असेल तर तेल समईत अर्ध्यापेक्षा कमी, लुगडी सुती, विंगेत ओलं गोणपाट आणि अग्निशामक, आणि ते वापरता येणारा माणूस. दिवल्या विझवून, पितळ थंड करून मगच गोफाच्या दोऱ्या खाली सोडायच्या. हा क्रम कधीही बदलू नका.

जागा, आवाज, कॅमेरा

शाळेचं सभागृह असेल तर तेच घ्या. पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव-कुडचडे-साखळीची रवींद्र भवनं, सगळी उत्तम आहेत, पण तिथे तारीख मिळवणं, भाडं, ने-आण यांत मुलांचा जीव जातो. आणि ज्या फरशीवर वर्षभर सराव केला, तिथेच जागा हातबदल व्हावी असं मला मनापासून वाटतं. मंच लाकडी असेल तर आदल्या दिवशी स्वतः अनवाणी चालून खिळे बघा.

उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. शाळा, इस्पितळं आणि न्यायालयांभोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्रात येऊ शकतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही.

गाण्यांच्या हक्काबद्दल पालक विचारतात. शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात, फक्त शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तोच व्हिडिओ इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकला की ती सूट लागू होत नाही. मुलांचे चेहरे असतात, म्हणून पालकांची लेखी संमतीही घ्या. आम्ही एकच कॅमेरा ठेवतो, मागे, स्टँडवर, आणि व्हिडिओ फक्त पालकांना देतो. पुढे फोन धरून उभे राहणारे नसले की मुलांना आपल्या आईबाबांचे डोळे दिसतात.

बोलणं

भाषणं नाहीत. मुख्याध्यापकांची दोन मिनिटं, तीही फुगडीच्या आधी. गोफानंतर कोणीही माइक हातात घेत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या नाचाच्या मधे, कपडे बदलायच्या वेळात, धाकट्याने आपल्या मोठ्या जोडीदाराबद्दल एकच वाक्य बोलायचं. ते वाक्य आठवडाभर आधी लिहून घ्या आणि "खूप चांगली", "नेहमी मदत करणारा" असले शब्द खोडून परत पाठवा. डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी हवं. "ताई सरावाला यायची तेव्हा माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवायची, कारण मला दम लागतो." "दादाने स्पर्धेच्या दिवशी आपला पंचा मला दिला आणि स्वतः शाळेच्या पँटवर नाचला." अशा वाक्यांना टाळ्या पडत नाहीत, सभागृह गप्प होतं. त्या शांततेची घाई करू नका, पुढचं नाव लगेच पुकारू नका.

त्या दिवशी

मुलांना दोन वाजता बोलवा. आधी खायला द्या: भाजी-पाव, केळं, पाणी. रिकाम्या पोटी कोणालाही मंचावर सोडू नका. मग पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं, विशेषतः पोटऱ्या आणि घोटे. तीन वाजता गोफाची कडी आणि आठही दोऱ्या पुन्हा एकदा मोठ्या माणसाने ओढून बघणं. साडेतीनला नेसणं संपलं पाहिजे.

विंगेत सुई-दोरा, सेफ्टी पिना, बँडेज, पाणी, आणि एक जास्तीची दोरी. पथकाची वही तिथेच स्टुलावर उघडी ठेवा. मुलं जाता-येता वाचतात.

गोफ उकलला की आठ दोऱ्या परत सरळ लोंबतात आणि आठ धाकटी मुलं त्या धरून उभी असतात. जाणारी मुलं त्यांच्या मागे, वर्तुळाबाहेर. या क्षणी पडदा पाडू नका. मुलं आपोआप हलतील, कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवेल, कोणी आईकडे धावेल. दिवे चालू ठेवा आणि घुमट हळूहळू थांबू दे.

दुसऱ्या कामाच्या दिवशी

दोऱ्या उतरवायचं काम धाकट्यांचं. तेव्हा जाणारी मुलं वर्गात अभ्यासाला बसलेली असतात. प्रत्येक दोरी साध्या साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, पुन्हा पिळून गुंडाळायची. टोकाला कापडी पट्टी शिवून त्यावर क्रमांक आणि वर्ष लिहायचं. नाव लिहू नका, पुढे नावं वाढत जातात आणि पट्टी पुरत नाही. नाव वहीत असतं: कितवी दोरी, कोणाच्या घरची साडी, कोणी कोणाला दिली.

पिशवी सुती घ्या, त्यात कडुनिंबाचा पाला टाका आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. खालच्या खणात पावसाळ्यात ओल येते. चतुर्थीच्या आधी एकदा काढून उन्हात टाका.